ईवुड पार्कचा पुढचा धनी कोण?

७ मे २०१२. इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातलं ब्लॅकबर्न गाव, ईवुड पार्क मैदान, समोर विगनचा संघ. हा सामना गेला तर ब्लॅकबर्न रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा सामन्यात मध्येच क्लबचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात आली आणि खेळाडू, पंच, पोलीस सगळेच क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. सामना ०-१ असा गेला. रोव्हर्स खाली घसरले.

कोंबडीच का, हे पुणेकराला फार समजावून सांगावं लागणार नाही. दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबर २०१० मध्ये, हा क्लब पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने, म्हणजे ज्यांना आपण सरसकट 'वेंकीज' म्हणतो त्यांनी, २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला होता. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला हा कुक्कुटपालनाचा उद्योग. 'संडे हो या मंडे' म्हणत देशाला अंडी खायला लावणाऱ्या समन्वय समितीमागेही हेच गृहस्थ होते. त्यांची कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश व बालाजी राव हे आता एका इंग्लिश फुटबॉल क्लबचे मालक झाले होते. गंमत अशी, की गांधीजी १९३१ साली बहिष्कारामुळे बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटायला गेले ते डार्वेन या ब्लॅकबर्नच्या शेजारगावालाच. ऐंशी वर्षांनी त्या भागातली सर्वांत लाडकी संस्था एका भारतीय कंपनीच्या हाती आली.

तेव्हापासून आजतागायत ब्लॅकबर्नच्या चाहत्यांमध्ये एक प्रश्न शिळा होत नाही: हे विकणार कधी आणि घेणार कोण? कधी अमेरिकी गुंतवणूकदारांचा गट, कधी आखातातला शेख, कधी गावातलाच एखादा उद्योजक. नावं येतात, चार दिवस चघळली जातात, विरतात. बाजारात तुरी अजून आलेल्या नाहीत, इथे भट आणि भटणीची जुंपलेली.

अंदाज बांधण्याचा हा उद्योग फक्त ब्लॅकबर्नचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी आपण मँचेस्टर युनायटेड विकत घेत असल्याचं समाजमाध्यमावर एका ओळीत लिहिलं आणि जगभरच्या चाहत्यांनी पुढचे काही तास नव्या संघाची जुळवाजुळव करण्यात घालवले. मग मस्क यांनीच खुलासा केला, की ही जुनी थट्टा आहे, आपण कुठलाही संघ घेत नाही. थट्टा इतकी चालली कारण चाहत्यांचा तर्क नेहमी त्याच एका रुळावरून धावतो: माणूस किती श्रीमंत आहे? विक्री मात्र खरेदीदाराच्या खिशावर क्वचितच अडते. ती अडते विकणाऱ्याच्या ताळेबंदावर, मैदानाच्या मालकीहक्कावर, लीगच्या परवानगीवर, आणि कधीकधी थेट दिल्लीच्या न्यायालयात.

श्रीमंत माणसाचं हे वेड ब्लॅकबर्नला लागलं त्याला सबळ कारण आहे. एका श्रीमंत माणसाने त्यांना खरंच स्वर्ग दाखवला होता. जॅक वॉकर याच गावचे. लहानपणी शाळा सुटली, वडिलांच्या पत्र्याच्या धंद्यातून भावाबरोबर पोलादाचा मोठा व्यवसाय उभा केला आणि १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकला. मग १९९१ मध्ये आपल्या गावचा क्लब ताब्यात घेतला. तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होते. वॉकर यांनी केनी डॅलग्लिशसारखा प्रशिक्षक आणला, अॅलन शिअररसाठी विक्रमी रक्कम मोजली, मैदानाच्या तीन बाजूंचे स्टँड पाडून नवे बांधले. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरूनही विजेते ठरले, कारण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावं लागलं. जेमतेम लाख-सव्वा लाख वस्तीचं गाव इंग्लंडचं विजेतं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना 'आणखी एक वॉकर येईल' हे वाक्य कधीच भाबडं वाटत नाही.

वॉकर २००० साली गेले. क्लब त्यांच्या कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे आला, आणि विश्वस्तांचा जीव काही फुटबॉलमध्ये गुंतलेला नव्हता. त्यांनी गिऱ्हाईक शोधायला रॉथस्चाइल्ड ही नामांकित बँक नेमली. शोध अनेक महिने, अनेक नावांतून चालला. २०१० च्या उन्हाळ्यात बहारीनहून अहसान अली सय्यद नावाचे गृहस्थ आले. क्लबमध्ये मोठी गुंतवणूक करण्याच्या गोष्टी करत होते. बीबीसीने त्यांच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी करून शंका उपस्थित केल्या आणि बोलणी फिसकटली. पुढे त्यांनी स्पेनमधला रेसिंग सांतांदेर हा क्लब घेतला, आणि काही महिन्यांतच तो क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. ब्लॅकबर्न थोडक्यात वाचलं, असंच त्या वेळी कुणालाही वाटलं असतं.

सय्यद गेले आणि दोन-तीन महिन्यांत वेंकीज आले. यांच्याकडे खरा पैसा होता, खरा धंदा होता, दशकांचा इतिहास होता. ज्या ज्या कसोट्या चाहते लावतात त्या सगळ्यांवर ते उतरले. आणि तरी घसरण झाली. महिन्याभरात, संघ तेराव्या स्थानावर असताना, अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढलं आणि ज्यांनी कधी वरिष्ठ संघ चालवला नव्हता अशा स्टीव्ह कीन यांच्या हाती सूत्रं दिली. रोनाल्डिन्यो आणि बेकहॅम यांना आणण्याची भाषा झाली. दोघेही आले नाहीत. खेळाडू सामन्याआधी चिकन खाताना दाखवणारी जाहिरात निघाली आणि ती संघाच्या पराभवांबरोबर टिंगलीचा विषय झाली. माझ्या मते वेंकीजचा दोष लोभाचा नव्हता, अज्ञानाचा होता. त्यांनी नंतर ओतलेला पैसा पाहिला तर लोभी माणूस असं वागत नाही. फुटबॉल कळत नव्हतं, ते ज्यांना कळतं अशांची पारख नव्हती, आणि मालक सात हजार किलोमीटरवर बसलेले.

आता मुद्द्याचं. क्लब विकत घेतो म्हणजे नेमकं काय घेतो? शेअर. त्या शेअरबरोबर येतात खेळाडूंचे करार, इतर क्लबांना हप्त्याने द्यायच्या बदलीच्या रकमा, बँकेचं कर्ज, आणि मालकाने वेळोवेळी घातलेला पैसा. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, कित्येक क्लबांचा नुसता पगारखर्चच उत्पन्नाच्या आसपास जातो, काहींचा तर वर. उरलेली सगळी तूट मालकाने खिशातून भरायची. वेंकीजने ती अशी वर्षानुवर्षं भरली आहे. एकूण आकडा २० कोटी पौंडांच्या पुढे गेल्याचं मानलं जातं. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला तेव्हाही हात आखडला नाही. पुढच्याच वर्षी तो परत वर आला.

आता विकणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. घेतला २ कोटी ३० लाखांना, घातले २० कोटींहून जास्त. दुसऱ्या श्रेणीतल्या, दरवर्षी तोट्यात चालणाऱ्या क्लबला बाजारात मिळेल ती किंमत याच्या जवळपासही फिरकणार नाही. विकायचं म्हणजे सगळा तोटा एका सहीत कागदावर मान्य करायचा. न विकावं तर दर ऑगस्टमध्ये एक नवी आशा असते, कारण वरच्या श्रेणीत जाणाऱ्या संघाला मिळणारं उत्पन्न अफाट आहे. डेलॉइटच्या अंदाजानुसार २०२३ ची चॅम्पियनशिप प्ले-ऑफची (वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठीच्या बाद फेरीची) अंतिम लढत जिंकणाऱ्या संघासाठी ती किमान १७ कोटी पौंडांची होती. त्या मोसमात ब्लॅकबर्न प्ले-ऑफच्या उंबरठ्यावर, गुण सारखे असूनही केवळ गोलफरकाने, सातव्या स्थानावर अडकलं. असं झालं, की मालकालाही वाटतं, एक वर्ष आणखी. बुडीत धंद्यात पैसे घालत राहणारा माणूस बाहेरून अडाणी दिसतो; आतून त्याला रोज सकाळी नवं गणित सुचत असतं.

त्यात २०२३ पासून वेगळंच त्रांगडं झालं. परदेशी पाठवलेल्या पैशाच्या चौकशीत सक्तवसुली संचालनालयाने हरकत घेतली आणि क्लबला पैसे पाठवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागू लागली; पाठवायच्या रकमेइतकी बँक हमी देण्याची अटही आली. म्हणजे लँकेशरमधल्या संघाला जानेवारीत खेळाडू घेता येईल की नाही, याचा अंदाज बांधायला तिथल्या चाहत्यांना दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा बघाव्या लागल्या. फेब्रुवारी २०२४ च्या तोंडावर घरचाच हिरा, अॅडम व्हॉर्टन, क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. सुरुवातीची रक्कम सुमारे १ कोटी ८० लाख पौंड. इतका पैसा आल्यावर 'आता तरी विकतील' असं बोललं गेलं. प्रत्यक्षात अशा विक्रीने उलटंच होतं: मालकाला त्या वर्षी खिशातून कमी भरावं लागतं, आणि विकण्याची निकड ओसरते.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो, तो इथेच सांगून टाकतो. शेअर बाजारात ज्या वेंकीज (इंडिया)चा भाव रोज छापून येतो ती कंपनी क्लबची मालक नाही. क्लब आहे खासगी वेंकटेश्वरा हॅचरीजकडे, लंडनमधल्या एका उपकंपनीमार्फत. खासगी कंपनीवर शेअर बाजाराला कळवण्याचं बंधन नाही, म्हणून आतली बोलणी बाहेर येत नाहीत. जिथे शेअर बाजारात नोंदवलेली कंपनी असते तिथे चित्र वेगळं. युनायटेड स्पिरिट्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बंगळूरच्या आयपीएल संघाबाबत फेरविचार सुरू केल्याचं शेअर बाजाराला रीतसर कळवलं. त्याआधीच पुण्याचे उद्योजक आदर पूनावाला यांनी, योग्य किमतीला हा संघ चांगला आहे, अशा अर्थाची एक ओळ लिहून तर्काला खाद्य पुरवलं होतं. पुण्याला संघ घेण्याची हौस आहे खरी.

कागद बंद असले की चाहते खुणा शोधतात, आणि त्यात ते भलतेच तरबेज असतात. ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंदवही सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. नवा संचालक नेमला, तारण फेडलं, एखाद्या अनोळखी नावाची कंपनी काढली, की काही तासांत ते कुणाच्या तरी नजरेला येतं. खासगी विमानांचे मार्ग बघितले जातात. मैदानातल्या संचालकांच्या कक्षात अनोळखी चेहरा दिसला, की त्याचा फोटो फिरतो. सट्टेबाजांचे भाव उद्धृत केले जातात, जणू सट्टेबाजांना आतली बातमी आहे; खरं तर तो भाव चाहत्यांच्याच पैजांवर हलत असतो. या सगळ्यात विश्वासार्ह खूण एकच, तीही नीरस: नोंदवहीतले कागद. बाकीचं करमणूक म्हणून ठीक.

लग्न जुळवताना निदान दोन्हीकडची माणसं एकमेकांची चौकशी करतात. इथे वऱ्हाडालाच काही विचारत नाहीत, आणि स्थळ बघायला आलेल्याची तोंडभरून स्तुती मात्र वऱ्हाडच करत बसतं. या स्तुतीचं जिवंत उदाहरण म्हणजे नॉट्स काउंटी. २००९ मध्ये या क्लबची बहुतांश मालकी चाहत्यांच्याच ट्रस्टकडे होती. मुंटो फायनान्स नावाची कंपनी आली. मागे आखातातली गर्भश्रीमंत घराणी असल्याची हवा होती. चाहत्यांनी मत देऊन क्लब जवळजवळ फुकट देऊन टाकला. स्वेन-गोरान एरिक्सन फुटबॉल संचालक म्हणून आले, सोल कॅम्पबेलसारखा नामांकित खेळाडू चौथ्या श्रेणीत खेळायला आला आणि एक सामना खेळून परतला. डिसेंबरपर्यंत पैशाचा पत्ता नाही, आणि क्लब १ पौंडाला विकला गेला. त्याच मोसमात पोर्ट्समथला सौदी मालक लाभले, अली अल-फराज. त्यांना मैदानावर कधी कुणी पाहिलंच नाही. चाहत्यांनी त्यांचं नाव 'अल-मिराज' ठेवलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये पोर्ट्समथ हा दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली जाणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला.

डर्बी काउंटीची गोष्ट जास्त बोलकी आहे, कारण तिथे अडचणीचं मूळ जमिनीत होतं. मालक मेल मॉरिस यांनी २०१८ मध्ये प्राइड पार्क हे मैदान क्लबकडून काढून आपल्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे ८ कोटी पौंडांना विकलं, जेणेकरून त्या वर्षीचा ताळेबंद नियमात बसावा. तीन वर्षांनी क्लब डबघाईला आला तेव्हा गिऱ्हाइकांपुढे प्रश्न असा: क्लब घ्यायचा, पण खेळायचं कुठे? क्रिस किर्चनर हे तरुण अमेरिकी उद्योजक पुढे आले, पसंतीचे खरेदीदार ठरले, समाजमाध्यमांवर चाहत्यांशी गप्पा मारत लोकप्रिय झाले. पैसे जमा करण्याची मुदत एकामागून एक उलटली आणि जून २०२२ मध्ये त्यांनी माघार घेतली. पुढे अमेरिकेत आपल्याच कंपनीतल्या फसवणुकीसाठी त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. क्लब अखेर घेतला डेव्हिड क्लाउज यांनी. हे स्थानिक बांधकाम व्यावसायिक, लहानपणापासून डर्बीचे चाहते. त्यांनी काय केलं? आधी मैदान सोडवलं, मग क्लब.

मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांचा भ्रमनिरास आणखी वेगळा. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये जवळपास ७९ कोटी पौंडांत क्लब घेतला, त्यातला मोठा वाटा कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी विक्रीसह सर्व पर्याय खुले असल्याचं जाहीर केलं. कतारचे शेख जासिम यांनी पूर्ण खरेदीचा, कर्जमुक्तीचा प्रस्ताव दिला. त्यांचे फोटोही फारसे उपलब्ध नव्हते, तरी 'पूर्ण विक्रीच हवी' या घोषणेला चेहरा मिळाला. वर्षभर रोज नवी बातमी. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेख बाजूला झाले आणि डिसेंबरात सर जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे १२५ कोटी पौंडांत फक्त पाव हिस्सा घेतला. ग्लेझर जागेवरच. कारण साधं होतं: कुटुंबाकडच्या शेअरना बाजारातल्या साध्या शेअरच्या दहापट मतं आहेत, आणि सहा भावंडांचं किमतीवर एकमत होत नव्हतं. शेखांच्या संपत्तीचा अंदाज सगळ्यांनी बांधला. या भावंडांच्या भांडणाचा हिशेब फार थोड्यांनी ठेवला.

आणि समजा कुबेरच आला, तरी? न्यूकॅसल युनायटेड ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी सरकारी गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालच्या गटाने ३० कोटी ५० लाख पौंडांना घेतलं. त्याआधी दीड वर्ष प्रकरण लीगच्या दारात अडकलं होतं, कारण क्लबवर ताबा निधीचा असेल की सौदी सरकारचा, हे ठरत नव्हतं. अखेर कायदेशीर हमी घेऊन परवानगी मिळाली, आणि मैदानाबाहेर रस्ते भरून जल्लोष झाला. पण जगातल्या सर्वांत गडगंज मालकालाही मनमुराद खर्च करता येईना, कारण तोट्यावर मर्यादा आहे. चॅम्पियनशिपमध्ये अलीकडच्या नियमांप्रमाणे ती तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंड, तीही मालकाने भागभांडवल घालून भरून काढली तर. मैदान आणि युवा अकादमीवरचा खर्च यातून वगळला जातो. नवा जॅक वॉकर आज ब्लॅकबर्नला आलाच, तर त्याला आधी अकादमी आणि स्टँड बांधत बसावं लागेल. शिअररसाठी विक्रमी रक्कम मोजण्याची मुभा त्याला नियमच देणार नाहीत.

इतकी वर्षं मालकाची पारख लीग करत होती, म्हणजे प्रत्यक्षात इतर क्लबांचीच संघटना. ती पारख किती कच्ची होती हे बरी या शतकाहून जुन्या क्लबने दाखवलं. २०१८ च्या डिसेंबरात तो १ पौंडाला विकला गेला, पैशाचा पुरावा लीगला समाधानकारक मिळालाच नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. त्यानंतरच्या चौकशा आणि दबावातून जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेचा फुटबॉल प्रशासन कायदा झाला. आता मालकाची लायकी आणि पैशाचा उगम तपासण्याचा अधिकार एका स्वतंत्र नियामकाकडे आहे, आणि काही बाबतींत चाहत्यांचं मत विचारात घेणंही क्लबांना बंधनकारक आहे.

चाहत्यांना खरंच विचारलं तर ते काय बघतात, याचा एक दाखला पोर्ट्समथनेच दिला आहे. पुन्हा बुडालेला हा क्लब एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांनी हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन सोडवला. चार वर्षं त्यांनी तो चालवला, कर्ज फेडलं, संघ तिसऱ्या श्रेणीत आणला. मग डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्याकडून मागणी आली. या वेळी चर्चा आयस्नर यांच्या मालमत्तेची कमी आणि जुन्या फ्रॅटन पार्क मैदानाच्या दुरुस्तीची जास्त झाली, कारण ते बिल आपल्याला झेपणार नाही हे आता त्यांना स्वतःच्या वहीतून दिसत होतं. क्लबचं बोधचिन्ह, रंग आणि गाव बदलण्याला चाहत्यांच्या प्रतिनिधींची संमती लागेल, अशी अट घातली. किंमत ठरली ५६ लाख ७० हजार पौंड, वर १ कोटी पौंडांच्या गुंतवणुकीचं वचन. मे २०१७ मध्ये मतदान झालं आणि मत देणाऱ्या भागधारकांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांनी विकायला होकार दिला.